दहा किलोची मुलं

नांदेड,
मंगळवार

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम. पत्र मुद्दाम शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. स्पीड पोस्टने शुक्रवारपर्यंत मुरुडला पोचायला हवं. मेसेज केला असता तर तू तो स्टाफरूममध्ये अर्धा वाचला असतास आणि उरलेला नंतर वाचते म्हणून ठेवून दिला असतास. फोनवर आपण मे महिन्यापासून फक्त हवापाण्याचं बोलतो, आणि तुझा फोन बहुतेक वेळा स्पीकरवर असतो. तक्रार म्हणून लिहीत नाही. पत्र का, हे कळावं म्हणून लिहिलं.

रविवारी दाजींचा फोन आला होता. प्रीतमला पुन्हा झटका आला, जेवता जेवता ताटावर वाकडा झाला, असं ते म्हणाले. औषध सुरू केल्यापासून झटके थांबले होते आणि आता हिवाळ्यापासून हा तिसरा. येत्या सोमवारी त्याला लातूरला आमच्याच दवाखान्यात दाखवायचं ठरलंय, तेही कळलं. औषधाच्या बाटलीवर या वेळी दुसऱ्या कंपनीचं नाव आहे, चालेल का, असं विचारायला त्यांनी जुन्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो पाठवला. औषध तेच आहे, काळजी करू नकोस. पण त्या कागदावर प्रीतमच्या नावाखाली वजन दहा किलो छापलेलं आहे. प्रीतम चार वर्षांचा झाला. मे महिन्यात मी त्याला उचललं होतं. तो दहा किलोचा नाही, ताई. झटक्यांचं हे औषध मुलाच्या वजनावर मोजून देतात. मूल वाढतं तसं औषधही वाढवावं लागतं. मात्रा किती वाढवायची, मुळात वाढवायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. तू घरी एक थेंबही वाढवू नकोस. पण ते ठरवायला त्यांना त्याचं खरं वजन लागेल, आणि तेच तू करू देत नाहीस. मागच्या दोन्ही वेळी काट्याकडे पाठवलं तेव्हा तू ‘आत्ताच घरी केलंय, तेवढंच आहे’ असं सिस्टरला सांगितलंस, हेही दाजी म्हणाले. सिस्टरने विश्वास ठेवला आणि संगणकाने मागचा आकडा पुढे ओढला.

प्रीतमची नोंद मी इथून उघडून पाहिलेली नाही. मला ती उघडता येते, पण कामाशिवाय उघडायचा मला अधिकार नाही. मी फक्त दाजींनी पाठवलेला फोटो पाहिला.

तू मागे एकदा विचारलं होतंस, की मी दवाखान्यात नक्की करते काय. बाबा विष्णुपुरीत सगळ्यांना ‘आमची प्रिया कंप्युटरची डॉक्टर हाय’ असं सांगतात. परवा शेजारच्या काकू गुडघा दाखवायला आल्या होत्या. माझं काम असं आहे: डॉक्टर जे सांगतात, म्हणजे कुठलं औषध, किती, दिवसातून कितीदा, कुठली तपासणी, ते कागदावर न लिहिता थेट संगणकात टाकायचं. तिथून ते औषधांच्या खिडकीवर, प्रयोगशाळेत आणि सिस्टरच्या टेबलावर आपोआप पोचतं. ही व्यवस्था आम्ही चालवतो. आपल्या लहानपणी बाबा चिठ्ठी घेऊन डॉक्टर लेनमध्ये एका मेडिकलवरून दुसऱ्या मेडिकलवर फिरायचे, आठवतं? दुकानदार चिठ्ठी उजेडात धरायचा, मग शेजारच्या दुकानदाराला दाखवायचा आणि दोघांच्या मताने औषध मिळायचं. संगणक आणला तो मुख्यतः ते थांबावं म्हणून.

हे सगळं पन्नास वर्षांहून जुनं आहे. एकोणीसशे एकाहत्तरच्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णालयात पहिल्यांदा डॉक्टरांना संगणकाच्या पडद्यासमोर बसवलं. व्यवस्था बनवली होती विमानं आणि रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी. पडद्यावर औषधांची नावं यायची आणि डॉक्टरांनी हातातल्या प्रकाशाच्या पेनाने त्यातलं एक निवडायचं. बऱ्याच डॉक्टरांना ते कारकुनी काम वाटलं. आमच्याकडच्या डॉक्टरांनाही तसंच वाटतं, त्यामुळे त्या इंजिनिअरांबद्दल मला आपुलकी आहे. पुढे अमेरिकेतच एका मोठ्या बालरुग्णालयात अशी व्यवस्था सुरू झाली आणि काही महिन्यांनी तिथल्याच डॉक्टरांनी हिशेब मांडला, तेव्हा दुसरीकडून हलवून आणलेल्या मुलांचे मृत्यू वाढलेले दिसले. यंत्र बिघडलं नव्हतं. आधी मूल गाडीत असतानाच औषध तयार करून ठेवता यायचं. नंतर मुलाची नोंद झाल्याशिवाय संगणक आदेशच घेईना. पुढे दुसऱ्या एका रुग्णालयाने तीच व्यवस्था, वॉर्डातल्या लोकांना विचारत, वेगळ्या पद्धतीने बसवली. तिथे मृत्यू वाढले नाहीत. कॉलेजात आम्हाला हे कोणी शिकवलं नाही. नोकरी लागल्यावर मी स्वतः शोधून वाचलं आणि तेव्हापासून नवीन रकाना बनवताना मी आधी विचारते, की हा भरायच्या वेळी तिथे काय चाललेलं असेल.

आमच्या व्यवस्थेत मुलांच्या वॉर्डात एक नियम आहे. वजन टाकल्याशिवाय औषधाचा आदेश पुढे जात नाही. नियम योग्य आहे, आजही मी तो काढू देणार नाही. गेल्या पावसाळ्यात मी सहज वर्षभरातल्या मुलांच्या वजनांचा आलेख काढला. असा आलेख टेकडीसारखा यायला हवा. लहान कमी, मधली जास्त, मोठी पुन्हा कमी. टेकडी आली. पण तिच्यावर मधोमध विजेचा खांब रोवल्यासारखी एक सरळ रेघ होती, दहावर. आमच्या वॉर्डात दहा किलोची मुलं इतकी होती, की नांदेड जिल्ह्यात मुलं दुसरं काही वजन धरतच नाहीत असं वाटावं. त्यात सहा महिन्यांचं एक होतं आणि सात वर्षांची एक मुलगी होती.

मी वॉर्डात जाऊन बसले. तिथल्या मुख्य सिस्टर दानम्मा म्हणून आहेत, देगलूरकडच्या. घरी फोनवर कानडी बोलतात आणि आमच्यावर मराठीत ओरडतात. त्यांना मी आलेख दाखवला. त्या चिडल्या नाहीत, लाजल्याही नाहीत. म्हणाल्या, ‘मॅडम, लेकरू तापानं फणफणलेलं आसतंय. माय काट्याला हात लावू देत न्हाई. तुमचा कंप्युटर पुढं जात न्हाई. मग दहा टाकलं की जातंय.’ मी विचारलं, दहाच का? तर म्हणाल्या, ‘दहाचा हिशेब तोंडी येतो. चूक झाली तर लगेच ध्यानात येते.’ म्हणजे चूक पकडायला सोपं जावं म्हणून त्या चुकीचा आकडा टाकत होत्या. मी हे त्यांना म्हटलं, तर बराच वेळ हसल्या.

मी विचारलं, आया हात का लावू देत नाहीत. त्या म्हणाल्या, सगळ्याच नाही, पण पुष्कळ. कोणी म्हणतं, तोललं की लेकरू वाळतं. कोणी म्हणतं, आकडा मोठ्याने बोलला की नजर लागते. कोणी काहीच कारण सांगत नाही, फक्त मूल छातीशी धरून ठेवतं. ताई, सिस्टर हे सांगत असताना मला मे महिना आठवत होता.

त्यानंतर काही दिवसांनी लोह्याकडची एक बाई मुलाला घेऊन आली. चांगुणा तिचं नाव. मुलाला न्यूमोनिया होता. दानम्मा सिस्टरनी मुलाकडे हात पुढे केले तशी ती दोन पावलं मागे गेली आणि म्हणाली, ‘कामून तोलायलाव माझ्या लेकराला? बाजारला न्यायचं हाय का?’ सिस्टर म्हणाल्या, ‘औषध द्यायचंय माय, बाजार कसला!’ ती म्हणाली, ‘मग द्या की औषध. तोलायला ते काय कापूस हाय का?’ बाकीच्या बाया हसायला लागल्या. सिस्टर म्हणाल्या, ‘तुझं लेकरू न्हाई तर काय मला तोलू?’ त्यावर चांगुणा म्हणाली, ‘मला तोला. मला कोन नजर लावतंय? नवरासुदिक बघत न्हाई.’ पुन्हा सगळ्या हसल्या. आणि चांगुणा खरंच, मुलाला कडेवर घेऊन, तरातरा काट्यावर जाऊन उभी राहिली.

पुढचं तुला सांगायला नको, तू विज्ञान शिकवतेस. सिस्टरनी आकडा पाहिला. मग तिला म्हणाल्या, आता लेकरू माझ्याकडे दे आणि एकटी उभी राहा. ती राहिली. वजाबाकी सिस्टरनी मनात केली आणि तोंडातून काही न काढता संगणकात टाकली. आई मुलाला घेऊन काट्यावर उभी राहते, ही पद्धत नवीन नाही. चुळबुळ्या मुलांसाठी ती पूर्वीपासून आहे, पुस्तकातही आहे. फक्त आमच्या पडद्यावर तिला जागा नव्हती. पडदा विचारायचा: मुलाचं वजन. म्हणून सिस्टर मोठ्याने विचारायच्या, कोणीतरी मोठ्याने सांगायचं आणि आई मूल ओढून घ्यायची.

मी तो पडदा बदलायला घेतला. आता दोन रकाने आहेत. उचलणाऱ्या माणसाचं मुलासकट वजन आणि उचलणाऱ्या माणसाचं एकट्याचं वजन. आई असलीच पाहिजे असं नाही, बाप, आजी, कोणीही चालतं. काटा संगणकाला जोडलेला आहे, त्यामुळे आकडा कोणाला वाचावाही लागत नाही. काट्याचा वरचा दिवा, ज्यावर आकडा दिसायचा, तो आम्ही बंद केला. वजाबाकी संगणक करतो आणि ती फक्त डॉक्टरांना आणि औषधांच्या खिडकीवर दिसते. उचलणाऱ्याचं वजन आम्ही साठवत नाही, वजाबाकी झाली की पुसतो. काट्याची चूक शंभर ग्रॅमची धरली तर ती या पद्धतीत दोनदा येऊ शकते. तान्ह्या बाळांना ते चालणार नाही, त्यांच्यासाठी वेगळा काटा आहे. प्रीतमएवढ्या मुलाला चालतं.

हे सोपं गेलं नाही. बालरोग विभागाचे प्रमुख आनंदराज सर आहेत, चांगले डॉक्टर आहेत. बैठकीत ते मला म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही अंधश्रद्धेला स्क्रीन बनवून देताय.’ मी म्हटलं, ‘सर, सध्या आपण तिला दहा किलो बनवून देतोय.’ ते म्हणाले, ‘तुमचे वडील वकील आहेत का?’ मी म्हटलं, पाटबंधारे खात्यात होते. पण त्यांचा दुसरा मुद्दा बरोबर होता. आईवडिलांच्या कागदावर वजन छापायचं नाही असं माझं म्हणणं होतं. ते म्हणाले, उद्या हे मूल दुसऱ्या गावात आजारी पडलं तर तिथल्या डॉक्टरने काय करायचं? मग आम्ही मधला मार्ग काढला. कागदाच्या कोपऱ्यात एक चौकोनी काळा-पांढरा छाप असतो, दुकानात पैसे देताना असतो तसा. फोनच्या कॅमेऱ्याने तो कोणालाही वाचता येतो. वजन त्यात आहे. लपवलेलं नाही, फक्त न मागता डोळ्यांसमोर येत नाही.

दिवाळीपासून नांदेडला हे चालू आहे. आलेखातला खांब गेला नाही, पण ठेंगणा झाला. काही सिस्टर घाईत अजूनही दहा टाकतात. दिवा बंद केला म्हणून बायाच तक्रार करतात. मुलाचं नाही, पण स्वतःचं वजन त्यांना कळायला हवं असतं. त्यामुळे दानम्मा सिस्टर आधी एकटीला उभं करून, पडद्यावर आलेला तिचा आकडा पुसला जाण्याआधी तिच्या कानात सांगतात. परवा एक बाई म्हणाली, ‘आगं माय, मी एवढी कवा झाले? ह्याला दूध पाजून पाजून वाळले म्हणून सांगत फिरायले मी.’ वॉर्डात एवढं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. लातूरच्या शाखेत ही व्यवस्था येत्या सोमवारी सुरू होणार आहे. मी रविवारीच तिथे जाणार आहे.

आता मे महिन्याबद्दल. बाबांच्या पायावर सूज येते म्हणून डॉक्टरांनी त्यांना रोज वजन बघायला सांगितलंय, त्यासाठी तो काटा मी घेतला होता. तो पडवीत होता. प्रीतम त्यावर आपणहून चढत होता, मी फक्त त्याचा हात धरला. तू स्वयंपाकघरातून आलीस, पिठाचे हात तसेच, आणि त्याला उचलून घेतलंस. मी म्हटलं, ताई, एक मिनिट, त्याचं वजन तरी बघू दे. तू म्हणालीस, ‘न्हाई म्हणलं ना एकदा.’ बाबांनी पेपर खाली केला आणि विचारलं, ‘आपल्या घरात हे कवापासून सुरू झालं?’ आणि तू म्हणालीस, ‘तुमच्या घरात न्हाई. माझ्या घरात.’ दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तू गेलीस. मी तुला तेव्हा जे बोलले, की विज्ञान शिकवणाऱ्या बाईने असं करू नये, ते मी मागे घेत नाही. मला ते आजही बरोबर वाटतं. पण मी कोणाशी बोलत होते, हे मला माहीत नव्हतं. ते मला दाजींनी परवा सांगितलं.

तुझी लेक सम्यका गेली तेव्हा मी पुण्याला नोकरीत होते आणि पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मला डेंगी एवढंच माहीत होतं. त्याआधीच्या आठवड्यात अंगणवाडीत वजनं झाली, तिथल्या सेविकेने तिला झोळीच्या काट्यात बसवलं, आकडा मोठ्याने वाचला, गावात सगळ्यांत जास्त भरली म्हणून बायांनी टाळ्या वाजवल्या आणि टाळ्यांना घाबरून ती रडली, तू तिला हसत काढून घेतलंस, हे मला माहीत नव्हतं. शेजारणीने तिच्या पायात बांधलेला काळा दोरा त्याच महिन्यात बाबांनी कात्रीने कापला होता, हेही नाही. तू तेव्हा बाबांना काही बोलली नाहीस. नंतरही नाही. आपल्या घरात ‘नजर’ हा शब्द उच्चारलेला चालत नव्हता. ज्या घरात शब्दच नाही तिथे ती भीती कोणाला सांगायची, हा प्रश्न मला आधी कधी पडला नव्हता, कारण मला तशी भीती कधी वाटली नाही.

डास आणि आकडा यांचा संबंध नाही, हे मी तुला पटवून देणार नाही. तुला ते माहीत आहे. तू आठवीच्या मुलांना डासाचं जीवनचक्र फळ्यावर काढून दाखवतेस. तुला माहीत असूनही प्रीतमला काट्यावर ठेवताना तुझे हात उचलत नाहीत, असं मी समजते. हातांचं वेगळं असतं. दाजी म्हणाले, ती स्वतःच्या मनाला लई बोलते, पण दवाखान्यात गेली की पुन्हा तसंच करते. मी त्यांना म्हटलं, आमच्या वॉर्डात अशा पुष्कळ आहेत, आणि सगळ्या काही अडाणी नाहीत. मागच्या महिन्यात एक नर्सच होती.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. दाजींनी फोन नुसता बाटलीसाठी केला नव्हता. सोमवारी तुझ्या शाळेत तपासणी आहे, त्यामुळे तू प्रीतमला त्यांच्याबरोबर पाठवणार आहेस. तिथे ते त्याचं वजन करून घेणार आहेत आणि तुला सांगणार नाहीत. कागदावर आकडा नसतो हे माझ्याकडून कळल्यावर तर ते म्हणाले, ‘मग प्रश्नच मिटला, शीलाला कळायचं कामच न्हाई.’ मी गप्प राहावं असं त्यांनी मला सांगितलं. ते वाईट हेतूने बोलले नाहीत, त्यांचं लेकरू ताटावर वाकडं झालं होतं. पण मी हो म्हटलं नाही आणि तुला लिहिणार आहे हे त्यांना सांगितलं. ते रागावले आहेत. तो पडदा मी आयांना आकडा ऐकावा लागू नये म्हणून बनवला, त्यांना चुकवून वजन करता यावं म्हणून नाही. चोरून वजन केलं आणि पुढच्या महिन्यात प्रीतमला साधा ताप जरी आला, तरी तुला ते कुठून ना कुठून कळेल. मग तू दाजींवर, माझ्यावर, कुठल्याच दवाखान्यावर विश्वास ठेवणार नाहीस आणि औषधही बंद करशील. सोमवारी सकाळी नऊपासून मी लातूरच्या वॉर्डात काट्यापाशी असेन. तू आलीस तर त्याला कडेवर घेऊन तू उभी राहा. आकडा मी बघणार नाही, तुला कोणी सांगणार नाही आणि टाळ्या कोणी वाजवणार नाही. तू आली नाहीस आणि दाजी त्याला घेऊन आले, तर मी त्यांना परत पाठवणार नाही. त्यांच्या कडेवर त्याचं वजन होईल, आणि झालं हे मी त्याच दुपारी तुला फोन करून सांगेन. हे तुला आधी माहीत असावं म्हणून लिहिलं. मी मात्र तू यावंस अशी वाट बघेन.

तुझीच धाकटी,
बुद्धप्रिया